आझाद गोमंतक दल

आझाद गोमंतक दल हा गोव्यातील पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सशस्त्र लढा देणारा एक छोटा क्रांतिकारी गट होता. विश्वनाथ लवंदे, नारायण हरी नाईक, दत्तात्रय देशपांडे आणि प्रभाकर सिनारी यांनी १९४७ मध्ये त्याची स्थापना केली. १९४६ च्या सत्याग्रहातून घडलेल्या, परंतु केवळ अहिंसक मार्गाने पोर्तुगीज राजवट हटणार नाही अशा निष्कर्षाप्रत आलेल्या तरुणांनी हा गट उभारला. दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात (१९५४) या दलाचा प्रत्यक्ष सहभाग होता. गोव्याच्या हद्दीतही त्याने पोलिस ठाण्यांवर हल्ले केले. बाळा राया मापारी आणि मोहन रानडे ही या दलाशी निगडित असलेली विशेष परिचित नावे होत. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केल्यावर दलाचे कार्य संपुष्टात आले.

पार्श्वभूमी

पोर्तुगीज सत्ता आणि सशस्त्र प्रतिकाराची परंपरा

आफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा शहर जिंकले आणि तेव्हापासून १९६१ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेचारशे वर्षे, पोर्तुगीजांची सत्ता येथे टिकून राहिली. या दीर्घ काळात तिला अनेकदा सशस्त्र विरोध झाला. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी धर्मप्रसारकांविरुद्ध उठाव केला. १७८७ मध्ये गोमंतकीय ख्रिस्ती धर्मगुरू आणि सैनिक यांनी रचलेला कट उघडकीस आला. तो 'पिंटोंचे बंड' या नावाने ओळखला जातो. सत्तरी भागातील राणे घराण्याने तर पिढ्यान्‌पिढ्या बंडे केली. त्यांपैकी १८५२ मध्ये दिपाजी राणे यांनी नाणूस किल्ला ताब्यात घेऊन केलेले बंड आणि १८९५ मधील दादा राणे यांचे बंड ही विशेष गाजली. ही बंडे प्रामुख्याने स्थानिक हक्क, वतने आणि करआकारणी यांच्या प्रश्नांवरून झाली असली, तरी सत्तरीचा डोंगराळ मुलूख आणि तेथील जंगले बंडखोरांना आश्रय देतात, ही गोष्ट त्यांतून सिद्ध झाली.

सालाझारशाही आणि १९४६ चा सत्याग्रह

पोर्तुगालमध्ये आंतोनिओ सालाझार यांची हुकूमशाही दृढ झाल्यावर १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने गोमंतकीयांचे राजकीय हक्क संकुचित झाले. सभा, संघटना व वृत्तपत्रे यांवर कडक नियंत्रण होते. लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाकडून मंजूर करून घ्यावी लागे. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करून राष्ट्रवादी विचारांचा पाया घातला. परंतु उघड राजकीय कार्य करणे गोव्यात जवळजवळ अशक्य होते.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सभाबंदीचा हुकूम मोडला. डॉ. जुलियांव मिनेझिस हे त्यांच्यासमवेत होते. या घटनेने गोव्यात सविनय कायदेभंगाची लाट उसळली. त्याच वर्षी लोंढा येथे नॅशनल काँग्रेस (गोवा) ही संघटना स्थापन झाली. पोर्तुगीज सरकारने आंदोलनाच्या नेत्यांना कठोर शिक्षा दिल्या. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे इत्यादींना पोर्तुगालमध्ये हद्दपार करून पेनिश येथील किल्ल्यात ठेवण्यात आले. नेते तुरुंगात वा परदेशात आणि कार्यकर्ते विखुरलेले, अशी चळवळीची अवस्था झाली.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिश भारत स्वतंत्र झाला. गोव्याच्या सीमेपलीकडे तिरंगा फडकला. सीमेच्या आत मात्र काहीही बदलले नाही. ब्रिटिश गेले म्हणजे पोर्तुगीजही जातील, ही अनेकांची अपेक्षा फोल ठरली. सालाझार सरकारची भूमिका तर अधिकच ताठर झाली. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून पोर्तुगालने आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भाग आहे, असा दावा त्यामागे होता. स्वतःच्याच भूमीचा 'प्रांत' सोडण्याविषयी वाटाघाटी होऊ शकत नाहीत, असा या दाव्याचा व्यावहारिक अर्थ होता.

स्थापना

१९४६-४७ च्या सत्याग्रहात भाग घेतलेल्या तरुणांपैकी काहींना या आंदोलनाच्या मर्यादा तीव्रतेने जाणवल्या. ब्रिटिश भारतात सत्याग्रहाला जो परिणाम साधता आला, त्यामागे काही प्रमाणात स्वतंत्र न्यायालये, वृत्तपत्रे आणि इंग्लंडमधील लोकमत होते. सालाझारच्या पोर्तुगालमध्ये यांपैकी काहीच नव्हते. तेथे स्वतः पोर्तुगीज नागरिकही राजकीय स्वातंत्र्यापासून वंचित होते. अशा राज्यकर्त्यांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहण्यात अर्थ नाही, असे या तरुणांचे मत झाले. या विचारातून १९४७ मध्ये आझाद गोमंतक दलाची स्थापना झाली. लवंदे हे दलाचे प्रमुख संघटक मानले जातात.

दलाचे नाव त्याचे ध्येय स्पष्ट करणारे होते. 'आझाद' या शब्दाचे आझाद हिंद फौजेशी असलेले साहचर्य त्या काळच्या तरुणांच्या मनात ताजे होते, तर 'गोमंतक' हे गोव्याचे परंपरागत नाव मराठी व कोकणी भाषकांना सारखेच आपले वाटणारे होते. मात्र गोव्याचे स्वतंत्र राष्ट्र निर्माण करणे हा दलाचा हेतू नव्हता. पोर्तुगीज सत्ता नष्ट करून गोवा भारतात विलीन करणे, हेच त्याचे उद्दिष्ट होते.

नॅशनल काँग्रेस (गोवा) व आझाद गोमंतक दल यांच्यातील भेद साध्याचा नसून साधनाचा होता. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांमध्ये व्यक्तिगत स्नेहसंबंध टिकून होते; तथापि सार्वजनिक पातळीवर दोन्ही मार्गांचे समर्थन एकाच वेळी करणे कोणालाही शक्य नव्हते.

संघटना व कार्यपद्धती

दल संख्येने लहान होते. गुप्तता हा त्याच्या अस्तित्वाचाच आधार असल्याने मोठी सदस्यसंख्या त्याला परवडणारी नव्हती. कार्यकर्ते बहुधा मध्यमवर्गीय शिक्षित तरुण, शिक्षक, विद्यार्थी आणि ग्रामीण भागातील कष्टकरी होते. खेडोपाडी अन्न, आसरा आणि माहिती पुरवणारे सहानुभूतिदार हे दलाचे खरे बळ होते. पकडले गेल्यास त्यांनाही कार्यकर्त्यांइतकीच यातना सोसावी लागे.

भौगोलिक परिस्थितीचा दलाला लाभ झाला. गोव्याच्या उत्तरेस सावंतवाडी व दोडामार्गचा परिसर, पूर्वेस बेळगावकडील सह्याद्रीचे घाट आणि दक्षिणेस कारवारकडील प्रदेश हा सर्व भारतीय हद्दीत होता. गोव्यात कारवाई करून भारतीय हद्दीत परतणे, असे या लढ्याचे सामान्य स्वरूप होते. पोलिस ठाणी व चौक्या ही दलाची मुख्य लक्ष्ये होती. त्यांवर हल्ला करण्यामागे दोन हेतू असत. पहिला, शस्त्रे व दारूगोळा मिळवणे. कारण दलाकडे शस्त्रखरेदीसाठी पुरेसा पैसा नव्हता. दुसरा, पोर्तुगीज सत्ता अभेद्य नाही हे सामान्य जनतेला दाखवून देणे.

स्थापनेनंतर लवकरच दलाच्या अनेक कार्यकर्त्यांना अटक होऊन त्यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. लवंदे व सिनारी हे मात्र पोर्तुगीजांच्या कैदेतून निसटण्यात यशस्वी झाले आणि त्यांनी पुढेही लढा चालू ठेवला.

दादरा व नगर हवेलीचा मुक्तिसंग्राम

प्रदेशाचा पूर्वेतिहास

दादरा व नगर हवेली हा सुमारे ४९० चौ. किमी. क्षेत्रफळाचा प्रदेश दमणजवळ, चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेला होता. त्याचा पोर्तुगीजांकडे गेलेला ताबा मराठ्यांच्या इतिहासाशी संबंधित आहे. मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे 'सांताना' हे जहाज पकडले होते. त्याच्या नुकसानभरपाईच्या निमित्ताने आणि मैत्रीच्या तहानुसार (१७७९) पेशव्यांनी नगर हवेलीतील गावांचा महसूल पोर्तुगीजांना दिला. १७८३ मध्ये हा प्रदेश प्रत्यक्ष त्यांच्या हाती आला आणि १७८५ मध्ये त्यांनी दादरा विकत घेतले. येथील बहुसंख्य रहिवासी वारली, धोडिया, कोकणा आदी आदिवासी जमातींचे होते.

भूवेष्टित असल्याने दमणहून तेथे सैन्य पाठवायचे तर भारतीय हद्द ओलांडावी लागे. हेच पोर्तुगीजांचे मर्मस्थान आहे, हे मुक्तिसंग्रामातील गटांनी हेरले.

मोहीम

१९५४ च्या उन्हाळ्यात अनेक गटांनी या प्रदेशाकडे लक्ष वळवले. २१ व २२ जुलैच्या दरम्यानच्या रात्री फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखालील 'युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स' या संघटनेच्या स्वयंसेवकांनी दादरा येथील पोलिस ठाण्यावर हल्ला केला. या चकमकीत ठाण्याचे अधिकारी आनिसेतो रोझारिओ आणि एक शिपाई मारले गेले. दादरा मुक्त झाले.

पुढच्या टप्प्यात आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक आणि आप्पासाहेब करमळकर यांची 'नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट ऑर्गनायझेशन' यांनी एकत्रितपणे कारवाई केली. संघाच्या तुकडीत राजा वाकणकर, नाना काजरेकर इत्यादी होते. गायक-संगीतकार सुधीर फडके आणि शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे हेही या संग्रामात सहभागी होते. मोहिमेच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम आयोजित करण्यात आला होता. दलातर्फे या मोहिमेत भाग घेतलेल्यांमध्ये मोहन रानडे हेही होते.

२८ जुलै रोजी नरोली गाव स्वयंसेवकांच्या हाती आले. त्यानंतर नगर हवेलीचे मुख्य ठिकाण असलेल्या सिल्वासाकडे मोर्चा वळवण्यात आला. तेथील पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो हे सुमारे १५० पोलिसांसह खानवेलकडे माघारी गेले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. सिल्वासातील मूठभर पोलिसांनी फारसा प्रतिकार न करता शरणागती पत्करली. भारताचे राखीव पोलिस दल सीमेवर तैनात होते आणि पोर्तुगीजांना दमणहून कुमक आणणे अशक्य झाले होते. वारली भागात कार्य करणारे कम्युनिस्ट कार्यकर्तेही त्याच सुमारास प्रदेशाच्या अन्य भागात उतरले होते. अखेर ११ ऑगस्ट रोजी फिदाल्गो यांनी भारतीय हद्दीत उदवा येथे भारतीय पोलिसांपुढे शरणागती पत्करली.

परिणाम

मुक्त झालेल्या प्रदेशाचा कारभार 'वरिष्ठ पंचायत' या स्थानिक मंडळाने पाहिला. आप्पासाहेब करमळकर यांच्याकडे प्रशासनाची जबाबदारी सोपवण्यात आली. भारत सरकारने हा प्रदेश ताबडतोब विलीन करून घेतला नाही. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निकाल दिला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या वाहतुकीपुरता पोर्तुगालला १९५४ मध्ये मार्गाधिकार होता. परंतु सैन्य, सशस्त्र पोलिस आणि शस्त्रे यांसाठी असा अधिकार नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने ठरवले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दहाव्या घटनादुरुस्तीनुसार हा प्रदेश भारतीय संघराज्यात समाविष्ट झाला.

काही शे स्वयंसेवकांनी मोजक्या शस्त्रांच्या बळावर दोन-तीन आठवड्यांत पोर्तुगीज सत्ता उखडून टाकली, या घटनेने सशस्त्र मार्गाच्या पुरस्कर्त्यांचा आत्मविश्वास वाढला. मात्र नगर हवेलीतील परिस्थिती गोव्यापेक्षा मूलतः भिन्न होती. गोव्याला समुद्रकिनारा होता, बंदर होते, तेथे नियमित सैन्य होते आणि कुमक जलमार्गाने येऊ शकत होती.

गोव्यातील कारवाया

बाळा राया मापारी

बाळा राया मापारी हे बार्देश तालुक्यातील अस्नोडा येथील रहिवासी व दलाचे कार्यकर्ते होते. अस्नोडा पोलिस ठाण्यावर दलाने केलेल्या हल्ल्यात शस्त्रे हस्तगत करण्यात आली. त्यात मापारी यांचा सहभाग होता. पुढे ते पोर्तुगीज पोलिसांच्या हाती सापडले. सहकाऱ्यांची नावे व शस्त्रांचा ठावठिकाणा काढून घेण्यासाठी त्यांचा अनन्वित छळ करण्यात आला. परंतु त्यांनी कोणतीही माहिती दिली नाही. १८ फेब्रुवारी १९५५ रोजी कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. गोवा मुक्तिसंग्रामातील पहिले हुतात्मे म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

दडपशाही

दलाच्या कारवायांना उत्तर म्हणून पोर्तुगीजांनी पोलिस यंत्रणा बळकट केली. सालाझार यांच्या राजकीय गुप्त पोलिसांचा (पीडे) वावर गोव्यात वाढला. राजकीय कैद्यांचे खटले मुलकी न्यायालयाऐवजी प्रादेशिक लष्करी न्यायाधिकरणापुढे चालत आणि तेथे दीर्घ मुदतीच्या शिक्षा दिल्या जात. आग्वाद व रेईश मागुश हे किल्ले तसेच म्हापसा आणि पणजी येथील कोठड्या कैद्यांनी भरल्या होत्या. गोव्यातील पोलिस दलात असलेल्या काझिमिरो मोंतेरो याच्या क्रौर्याच्या कथा त्या काळच्या कैद्यांच्या आठवणींत वारंवार येतात. हाच मोंतेरो पुढे पीडेच्या सेवेत गेला. १९६५ मध्ये सालाझार यांचे विरोधक जनरल हुंबेर्तो देल्गादो यांच्या हत्येत त्याचा हात होता. गोव्यातील कोठड्यांत वापरले गेलेले हात आणि पोर्तुगालमधील लोकशाहीवाद्यांचा जीव घेणारे हात एकाच यंत्रणेचे होते, हे यावरून स्पष्ट होते.

बेती येथील हल्ला व मोहन रानडे

मोहन रानडे यांचे मूळ नाव मनोहर आपटे. २५ डिसेंबर १९३० रोजी सांगली येथे त्यांचा जन्म झाला. गणेश दामोदर व विनायक दामोदर या सावरकर बंधूंच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. मराठीचे शिक्षक म्हणून ते गोव्यात गेले आणि अध्यापन करीत असतानाच आझाद गोमंतक दलात सामील झाले. खेड्यातील मराठी शाळेचा मास्तर ही भूमिका गुप्त कार्यासाठी सोयीची होती. गावातल्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध येई आणि त्याच्या येण्याजाण्याने सहसा संशय निर्माण होत नसे.

ऑक्टोबर १९५५ मध्ये मांडवी नदीच्या तीरावर, पणजीच्या समोर असलेल्या बेती येथील पोलिस ठाण्यावर दलाने हल्ला केला. राजधानीच्या दृष्टीच्या टप्प्यातील ठाण्यावर हल्ला करणे हे मोठे धाडस होते. या चकमकीत रानडे गोळी लागून जखमी झाले व पकडले गेले. त्यांना २६ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. पुढे त्यांना पोर्तुगालमध्ये नेऊन लिस्बनजवळील काशियास किल्ल्यात ठेवण्यात आले. शिक्षेच्या काळातील सहा वर्षे त्यांनी एकांतवासात काढली.

भारत सरकारचे धोरण

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे सरकार गोव्याचा प्रश्न शांततामय मार्गाने सुटावा या मताचे होते. शीतयुद्धाच्या काळात पोर्तुगाल हा उत्तर अटलांटिक करार संघटनेचा सदस्य होता, आणि बळाचा वापर केल्यास भारताच्या आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठेला बाधा येईल अशी चिंता होती. त्यामुळे सशस्त्र गटांना भारत सरकारचा उघड पाठिंबा मिळू शकत नव्हता. दुसरीकडे गोवा मुक्तीविषयी महाराष्ट्रात प्रबळ लोकभावना होती.

१८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे व सेनापती बापट यांच्या तुकडीपासून भारतातील सत्याग्रहींचे जथे गोव्यात जाऊ लागले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी केलेल्या गोळीबारात वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले आणि आर्थिक नाकेबंदी कडक केली. परंतु सप्टेंबर १९५५ मध्ये सत्याग्रहींच्या सीमाप्रवेशावरही बंदी घातली. सामुदायिक सत्याग्रहाचा मार्ग अशा रीतीने बंद झाल्यावर गोव्याच्या आत प्रतिकार जिवंत ठेवण्याची जबाबदारी भूमिगत गटांवर येऊन पडली. बेतीचा हल्ला याच पार्श्वभूमीवर झाला.

याच काळात लोहखनिजाच्या निर्यातीमुळे गोव्याच्या अर्थव्यवस्थेला उभारी आली आणि नाकेबंदीचा परिणाम बराचसा बोथट झाला. परिणामी १९५५ ते १९६१ हा काळ दलाच्या दृष्टीने अतिशय कठीण ठरला. नेते तुरुंगात, साधने अपुरी आणि दिल्लीचे धोरण अनिश्चित, अशा अवस्थेत उरलेल्या कार्यकर्त्यांनी तग धरला. या काळात शिवाजीराव देसाई यांच्या 'गोवा लिबरेशन आर्मी'सारखे अन्य सशस्त्र गटही कार्यरत होते.

गोवा मुक्ती आणि त्यानंतर

१९६१ मध्ये परिस्थिती झपाट्याने बदलली. अँगोलात पोर्तुगालविरुद्ध सशस्त्र उठाव सुरू झाला आणि आफ्रिकेतील नेते भारताकडे अपेक्षेने पाहू लागले. १७ डिसेंबरच्या रात्री 'ऑपरेशन विजय' सुरू झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. बाराव्या घटनादुरुस्तीने (१९६२) गोवा, दमण व दीव हे भारताचे अंग झाले. गोव्यातील तुरुंगांची दारे उघडली आणि राजकीय कैदी घरी परतले.

लिस्बनजवळच्या किल्ल्यात असलेले मोहन रानडे मात्र परतू शकले नाहीत. ज्या मुक्तीसाठी त्यांनी शिक्षा पत्करली, ती मिळाल्यावरही सात वर्षांहून अधिक काळ ते परक्या देशात कैदेत राहिले. भारत व पोर्तुगाल यांच्यात राजनैतिक संबंध नसल्याने त्यांच्या सुटकेसाठी थेट बोलणी करणे कठीण होते. महाराष्ट्रात सुधीर फडके यांनी पुढाकार घेऊन रानडे यांच्या मुक्ततेसाठी समिती स्थापन केली आणि लोकमत जागृत केले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या भेटीत रानडे यांच्या सुटकेचा विषय काढला, अशी नोंद आढळते. जानेवारी १९६९ मध्ये, तेरा वर्षांहून अधिक काळ कैदेत काढल्यानंतर, रानडे मुक्त झाले. पुढच्याच महिन्यात, ३ फेब्रुवारी १९६९ रोजी अण्णादुराई यांचे निधन झाले.

रानडे यांनी आपल्या अनुभवांवर 'सतीचे वाण' हे पुस्तक लिहिले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान प्राप्त झाला. २५ जून २०१९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. प्रभाकर सिनारी यांनी मुक्तीनंतर पोलिस सेवेत प्रवेश केला व ते वरिष्ठ पदापर्यंत पोहोचले. एकेकाळी पोलिस ठाण्यांवर हल्ले करणाऱ्या दलाचा संस्थापक स्वतंत्र देशाचा पोलिस अधिकारी झाला, ही घटना त्या पिढीच्या प्रवासाची निदर्शक आहे.

पोर्तुगालने गोव्याचे भारतातील विलीनीकरण लगेच मान्य केले नाही. १९७४ मध्ये तेथील हुकूमशाही कोसळल्यावर, त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या कराराने त्याला मान्यता मिळाली.

मूल्यमापन

आझाद गोमंतक दलाच्या कार्याविषयी अभ्यासकांत व स्वातंत्र्यसैनिकांत मतभिन्नता आहे. एका मतानुसार, सालाझारशाहीसारख्या राजवटीपुढे सत्याग्रह निष्प्रभ होता, हे १९४६ व १९५५ च्या अनुभवांनी सिद्ध केले. म्हणून सशस्त्र प्रतिकार अपरिहार्य होता. अखेर गोवा मुक्त झाला तोही सैन्याच्या बळावरच, याकडे हे मत लक्ष वेधते. दुसऱ्या मतानुसार, छोट्या गटांच्या विखुरलेल्या हल्ल्यांनी पोर्तुगीज सत्तेला लष्करी धोका कधीच निर्माण झाला नाही, उलट सामान्य ग्रामस्थांवरील दडपशाहीला निमित्त मिळाले. शिवाय हल्ल्यात सापडलेले ठाण्यांवरील पोलिस अनेकदा स्थानिकच असत. दादरा येथे मृत्यू पावलेले रोझारिओ हे पोर्तुगालच्या दृष्टीने कर्तव्य बजावताना पडलेले वीर ठरले, तर मुक्तिसैनिकांच्या दृष्टीने ते परकीय सत्तेचे सेवक होते. एकाच मृत्यूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी सशस्त्र लढ्याची मूलभूत गुंतागुंत दर्शवतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात अशा छोट्या सशस्त्र गटांची परंपरा आढळते. सावरकर बंधूंची 'अभिनव भारत' (१९०४) ही गुप्त संघटना आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील साताऱ्याचे प्रतिसरकार (१९४३-४६) ही त्याची ठळक उदाहरणे होत. प्रतिसरकारने न्यायदान व ग्रामव्यवस्था यांची पर्यायी घडी बसवून व्यापक जनाधार मिळवला. आझाद गोमंतक दलाला गोव्यात ते शक्य झाले नाही. जगाच्या अन्य भागांतही मुख्य चळवळीतून साधनांच्या प्रश्नावर गट फुटल्याचे दिसते. आयर्लंडमध्ये १९२१ च्या तहानंतर स्वातंत्र्यवाद्यांतच यादवी युद्ध झाले आणि त्यानंतरही लहान सशस्त्र गट पुन्हापुन्हा फुटून निघत राहिले. तुलनेने पाहता, आझाद गोमंतक दलाचे नॅशनल काँग्रेसशी (गोवा) असलेले मतभेद परस्परांच्या रक्तपातापर्यंत कधी गेले नाहीत. तसेच ध्येय साध्य झाल्यावर दलाने शस्त्रे चालू ठेवली नाहीत आणि त्याचे कार्यकर्ते नागरी जीवनात मिसळून गेले. ही बाब या दलाच्या इतिहासात विशेष नोंद घेण्याजोगी आहे.

घटनाक्रम

१९४६ : मडगाव येथे लोहियांचा सत्याग्रह, नॅशनल काँग्रेसची (गोवा) स्थापना.
१९४७ : आझाद गोमंतक दलाची स्थापना.
१९५४ : जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेलीची मुक्तता.
१९५५ : १८ फेब्रुवारी रोजी बाळा राया मापारी यांचे हौतात्म्य; ऑक्टोबरमध्ये बेती पोलिस ठाण्यावर हल्ला व मोहन रानडे यांना अटक.
१९६० : आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल.
१९६१ : ११ ऑगस्ट रोजी दादरा व नगर हवेलीचे भारतात विलीनीकरण, १९ डिसेंबर रोजी गोवा मुक्त.
१९६९ : मोहन रानडे यांची पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटका.

हे सुद्धा पहा

गोवा मुक्तिसंग्राम
दादरा व नगर हवेली
मोहन रानडे
त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा
प्रतिसरकार